चुन्याची निवळी आणि घरचा समुद्र

अंबाजोगाईच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांच्या एकत्र कुटुंबातील थोरल्या मुलाने घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. पहिले काही महिने सर्व सुरळीत चालले. पुढे दगडांवर चढलेली गुलाबी साय जागोजागी पांढरी पडू लागली. मुलाने पाणी तपासले, 'कॅल्शियम उतरले' असे निदान केले, आणि तेव्हापासून घरात आठवड्याला एक नवी पुडी येऊ लागली. बाईंचे विचारणे दुहेरी आहे. टाकीतील कॅल्शियम टिकविण्यासाठी नेमके काय व किती घालावे, हा पहिला प्रश्न. आणि आपल्यासारख्या दुष्काळी मुलखातील कुटुंबाने या छंदापायी एवढे पाणी खर्चावे काय, हा दुसरा.

या सदरात आम्ही आजवर लोणच्यापासून लंबकाच्या घड्याळापर्यंत पुष्कळ विषयांची चर्चा केली. समुद्राची पाळी आली नव्हती. बीडपासून जवळातला जवळ किनारा घेतला तरी तो तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे समुद्राचा विचार येथे कोणी उगाच करीत नाही. तथापि या पत्राचे उत्तर देण्यास आम्ही थोडेबहुत अधिकारी आहोत, कारण आमच्याही घरी अशी टाकी गेली दोन वर्षे आहे आणि बाईंच्या चिरंजीवांनी जी चूक करण्याचा घाट घातलेला दिसतो, ती आम्ही स्वतः करून चुकलो आहोत.

प्रथम टाकीचे वर्णन करतो. दगड व वाळू वजा जाता तीत दोनशे लिटर पाणी मावते. खडक म्हणून बालाघाटच्या डोंगरातील काळा पाषाण घासून, कित्येक पाणी देऊन आत रचला आहे. त्यावर पुण्याच्या एका स्नेह्यांकडून आलेल्या मातीच्या खापरीवरून कोरलाइन नावाचे शैवाल पसरले. हे शैवाल दिसते गुलाबी रंगाच्या पापुद्र्यासारखे, आणि हाताला लागते दगडासारखे. त्याच्याच शेजारी हॅलिमेडा नावाची हिरवी वनस्पती आहे. बारीक नाणी एकापुढे एक ओवावीत तशी तिची रचना असते. याशिवाय शंखातल्या काही गोगलगायी, चुन्याच्या नळीत राहणारे बारीक किडे आणि टाकीतच पैदास झालेल्या विदूषक माशांची एक जोडी, एवढाच आमचा परिवार.

वाचक विचारतील, प्रवाळ कोठे आहे? ते आम्ही ठेवलेले नाही, आणि बाईंनीही आपल्या मुलाकडे याची चौकशी अवश्य करावी. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. समुद्रपंखा, काळे प्रवाळ व अग्निप्रवाळ हेही त्यांच्या जोडीने गेले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मेलेल्या प्रवाळाचा तुकडा 'शोभेचा दगड' म्हणून पिशवीत घालून आणणे हाही त्या कायद्याने गुन्हाच होय. विकणारा 'सर्व काही चालते' असे म्हणाला, तर त्याच्या शब्दावर न जाता लेखी कागद मागावा. आणि कागद नसेल तर रिकाम्या हाताने घरी यावे.

प्रवाळ नाही, तर मग कॅल्शियमची चिंता कशाला, असाही प्रश्न येईल. त्याचे उत्तर असे की, चुना लागतो तो केवळ प्रवाळालाच नव्हे. गुलाबी शैवाल पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपल्या अंगात चुनखडी मुरवते. हॅलिमेडाची प्रत्येक चकती आतून चुन्याने भरलेली असते. उष्ण समुद्रातील कित्येक बेटांवरची पांढरी वाळू पुष्कळ अंशी तिच्याच मेलेल्या चकत्यांची बनलेली आहे. गोगलगाईचा शंख आणि किड्याची नळी यांचीही गोष्ट तीच. परदेशात ज्यांच्या टाक्यांत कठीण प्रवाळ वाढतात त्यांचा खर्च आमच्या कितीतरी पट असतो. परंतु हिशेबाची रीत एकच.

आता या हिशेबाकडे वळू. खऱ्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. घरच्या टाकीत ते ३८० ते ४५० च्या दरम्यान राहिले म्हणजे पुरे. याच्या जोडीला दुसरी एक वस्तू पाहावी लागते. तिला रसायनशास्त्रात क्षारता म्हणतात. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा साठा दर्शविते. ती जर्मन अंशांत मोजण्याचा प्रघात आहे. समुद्रात ती साडेसहा-सात अंश असते. टाकीत सात ते नऊ असावी. तिसरी वस्तू मॅग्नेशियम. ते समुद्रात कॅल्शियमच्या तिपटीहून अधिक, म्हणजे लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम असते.

चुनखडी म्हणजे एकटे कॅल्शियम नव्हे. ती कॅल्शियम व कार्बोनेट यांच्या संयोगाने होते. म्हणून शैवालाने किंवा शंखाने पाण्यातून लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम उचलले, की त्याच्याबरोबर २.८ अंश क्षारताही उचलली जाते. या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. संसाराच्या भाषेत सांगावयाचे तर भाताला तांदूळ व पाणी दोन्ही लागतात. कोठीत तांदळाची पोती रचून हंडा कोरडा ठेवला, तर जेवण होत नाही. ज्या घरात फक्त कॅल्शियमच्या पुड्या येतात आणि क्षारतेकडे कोणी पाहत नाही, तेथे हाच प्रकार चाललेला असतो.

कोणी म्हणेल, मग टाकीत खडूचा तुकडा किंवा शिंपल्यांची वाळूच घालून ठेवावी. विरघळेल तेवढी विरघळेल. दुर्दैवाने ती विरघळत नाही. उष्ण समुद्राचे वरचे पाणी चुनखडीने आधीच तृप्त, किंबहुना अतितृप्त असते. इतका चुना पाण्यात असूनही तो गाळासारखा खाली का बसत नाही, तर त्याला मॅग्नेशियम आडवे येते. चुनखडीचा स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियमचे कण त्याच्या अंगाला चिकटून त्याची वाढ रोखतात. मॅग्नेशियम उतरले, की हा पहारा सैल होतो. आमच्यावर जो प्रसंग ओढवला, त्याचे मूळ येथेच होते.

हा प्रसंग मागच्या वर्षीच्या वैशाखातला आहे. त्या आधीचे काही आठवडे आम्ही केवळ क्षारता पाहत होतो व ती खाण्याच्या सोड्याने राखीत होतो. एके संध्याकाळी पुतण्याने कॅल्शियम मोजले, ते ३६० भरले. क्षारता नऊ अंश होती. वास्तविक ३६० म्हणजे काही अनर्थ नव्हे. तीन-चार दिवसांत हळूहळू ते वर आणता आले असते. परंतु घाई आमच्या स्वभावात आहे. आम्ही साठ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड एका तांब्यात विरघळवून एकदम टाकीत ओतले, आणि 'जोडी राहावी' एवढे अर्धवट ज्ञान डोक्यात असल्यामुळे मागोमाग वीस ग्रॅम सोडाही घातला. पाहता पाहता पाणी ताकासारखे झाले. काचेपलीकडचे मासे दिसेनासे झाले. आम्ही मनाशी म्हणालो, सकाळपर्यंत निवळेल.

पाणी निवळले खरे. परंतु ते पांढरे चूर्ण पंपाच्या चाकावर बसले आणि मध्यरात्री केव्हातरी पंप आवळून थांबला. पाण्याची खळबळ बंद पडली, हवा मिसळेना. सकाळी जोडीतला एक मासा तळाशी आडवा पडलेला होता. पुतणी सात वर्षांची आहे. तिने त्या माशाला नाव ठेवले होते. ती रडली नाही, तिने केवळ विचारले, "काका, तुम्ही त्याला औषध दिले होते ना?" त्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर द्यावे?

त्या दिवशी आम्ही वही उघडून हिशेब मांडला. आम्ही घातलेल्या द्रव्यांनी कॅल्शियम ४४० व क्षारता सव्वाबारा अंशांवर जावयास हवी होती. प्रत्यक्षात कॅल्शियम ३९० आणि क्षारता सव्वापाच भरली. म्हणजे लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम कॅल्शियम व सात अंश क्षारता पाण्यातून नाहीशी झाली होती, आणि ती अगदी वर सांगितलेल्या प्रमाणातच. दोनशे लिटरांत मिळून पंचवीस ग्रॅम चुनखडी झाली. तीच पंपाला व काचेला लागली होती. मॅग्नेशियम मोजले तर ते १०८० वर उतरलेले. ज्या क्षारतेची आम्ही एवढी निगा राखीत होतो, ती उपायापूर्वी होती त्याहून कमी झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली.

त्या सायंकाळी आमच्या मातोश्री देवघरातून उठून टाकीजवळ आल्या. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली व म्हणाल्या, "अरे, चुना हवा होता ना? मग निवळी का नाही केलीस? लहानपणी तुम्हा भावंडांना मी चमच्याने मोजून निवळीच देत असे. चुन्याचा गोळा नव्हे." आम्ही प्रथम हसलो. नंतर ग्रंथ चाळून पाहतो तो काय, युरोपातील मत्स्यालयांचे जाणकार पीटर विल्केन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात जी रीत प्रवाळाच्या टाक्यांसाठी प्रचारात आणली, ती हीच! जर्मन भाषेत तिला 'कल्कवासर' म्हणतात. शब्दशः अर्थ, चुन्याचे पाणी. आमच्या घरातील ज्ञान ग्रंथाच्या मार्गाने, एका माशाचा जीव गेल्यानंतर, आमच्याकडे परत आले.

निवळीची थोरवी अशी की तीत दोन्ही अंगे योग्य प्रमाणात असतात. भिजविलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात विरघळला की कॅल्शियम मिळते, आणि त्याचा दुसरा भाग पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होतो. शैवालाने जेवढे व ज्या प्रमाणात उचलले, तेवढेच व त्याच प्रमाणात परत येते. एका लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळतो; त्याहून अधिक घातला तरी तो तळाशीच बसतो. या एक लिटर निवळीत सुमारे ०.८ ग्रॅम कॅल्शियम असते. आमच्या दोनशे लिटरांत ती गेली म्हणजे कॅल्शियम ४ मिलिग्रॅमने व क्षारता अर्ध्या अंशाहून किंचित अधिक वाढते. जिज्ञासू मुलांना हेही सांगावे की साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते, पण चुन्याचे उलट आहे. थंड पाण्यात तो अधिक विरघळतो.

आमच्या घरची रीत येणेप्रमाणे आहे. झाकणाच्या बरणीत पाच लिटर शुद्ध पाणी घेऊन त्यात दहा ग्रॅम चुना घालावा, एकदा ढवळावे आणि रात्रभर स्वस्थ ठेवावे. सकाळी तळाशी गाळ व वर नितळ पाणी राहते. हे नितळ पाणी तेवढे नळीने काढून घ्यावे. गाळ ढवळू नये, टाकीत जाऊ देऊ नये. बरणीचे झाकण नेहमी घट्ट असावे, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड लागून निवळीवर साय धरते. ती साय म्हणजे वाया गेलेला चुनाच.

काढलेली निवळी टाकीत ओतावयाची नाही. ती अत्यंत तीव्र असते व एकदम पडली तर पुन्हा ताक व्हावयाचे. दवाखान्यात सलाइन चालते तशी थेंबथेंब सोडावी, आणि तीही रात्री. दिवसा प्रकाशात वनस्पती पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खातात. रात्री तो साठतो व पाणी किंचित आम्लतेकडे झुकते. त्या वेळी दिलेल्या निवळीने हा झुकावही सावरतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आम्ही शाळेत शुद्धलेखनासाठी गिरविली होती. तिचा अर्थ आम्हांस या टाकीने शिकविला.

किती द्यावयाची, हे मात्र टाकीच सांगते. त्यासाठी एक आठवडा काहीही न घालता कॅल्शियम व क्षारता पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, ठरावीक वेळी मोजावी. तपासणीचे साहित्य बाजारात मिळते. क्षारतेच्या परीक्षेत थेंब मोजत गेले की निळे पाणी पिवळे होते, व कॅल्शियमच्या परीक्षेत गुलाबी पाणी निळे होते; थेंबांच्या संख्येवरून अंक काढावयाचा. आमच्या टाकीत आठवड्याला १४ मिलिग्रॅम कॅल्शियम व दोन अंश क्षारता कमी होते. दोनशे लिटरांचा हिशेब केला तर २.८ ग्रॅम कॅल्शियम झाले, म्हणजे सात ग्रॅम चुनखडी. जुन्या मापाने अर्ध्या तोळ्याहून थोडी अधिक. त्याला साडेतीन लिटर निवळी पुरते, म्हणून आम्ही रोज अर्धा लिटर देतो. वाफ होऊन जे पाणी उडते त्याची भरपाई रोज करावीच लागते. त्या भरपाईच्या शुद्ध पाण्यातच ही निवळी मिसळतो. मीठ वाफेबरोबर उडत नसल्यामुळे भरपाई नेहमी गोड्या पाण्याची असावी.

दोहोंपैकी एकच उतरले असेल, तर मात्र निवळीने ते सावरत नाही; तेथे कॅल्शियम क्लोराइड किंवा सोडा वेगवेगळा द्यावा लागतो. दोनशे लिटरांत पंधरा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडने कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅम वाढते, आणि सहा ग्रॅम खाण्याच्या सोड्याने क्षारता एक अंश वाढते. एका दिवशी याहून अधिक देऊ नये. दोन्ही एकाच वेळी तर कधीच देऊ नयेत. त्याआधी मॅग्नेशियम १२५० ते १३५० मध्ये आहे, एवढे पाहून घ्यावे.

आता एक इशारा, आणि तो आम्ही विनोदाने देत नाही. पानाच्या डब्यातील चुना टाकीत घालू नये. त्यात काय काय मिसळले आहे हे कळत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लेबल पाहून, घ्यावे. चुन्याची पूड असो वा निवळी, डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. खाण्याच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. बरणी कुलपात असावी, मुलांनी तिला हात लावू नये, आणि चुकून डोळ्यात उडालेच तर अन्य काही न करता ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहावे व तसेच डॉक्टरांकडे न्यावे. आमच्याकडे निवळीचे काम फक्त मोठी माणसे करतात. मुलांकडे वही आहे.

येथे बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम पुष्कळ असते. बंबात व चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो, तो याचाच. पाणी उकळले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना दगड होऊन बसतो. मग हेच पाणी टाकीत का घालू नये? कारण त्यात चुन्याबरोबर नायट्रेट, सिलिका आणि आणखी कितीतरी वस्तू येतात. पाणी उडून जाते, त्या मात्र साठत राहतात व टाकी शेवाळाने माजते. तसेच स्वयंपाकाचे मीठ विरघळवूनही समुद्र होत नाही. मिठागरात मीठ धरण्यापूर्वीच चुना व जिप्सम खाली बसलेले असतात, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात निघून जाते. म्हणून मुद्दाम तयार केलेले सागरी मीठ आणि गाळणयंत्राचे शुद्ध पाणी यांना पर्याय नाही.

आता हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाजूला टाकते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील ज्या जिल्ह्यात उन्हाळी नळाची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी मोरीत सोडणे आम्हांस पाप वाटते. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीला आठवड्यास तीसेक लिटर शुद्ध पाणी लागते. म्हणजे सत्तर-ऐंशी लिटर पाणी बाजूला पडते. वहिनींनी पहिल्याच महिन्यात सांगितले, "भाऊजी, समुद्र हवा असेल तर त्याचे उरलेले पाणी माझ्या हिशेबात आले पाहिजे." तेव्हापासून त्या पाण्याने फरशी पुसणे, भांड्यांचे पहिले धुणे व संडासाचे काम भागते आणि तेवढे नळाचे पाणी वाचते. टाकीतून बदललेले खारे पाणी मात्र तुळशीला किंवा परसात कदापि घालू नये. मीठ जमिनीत राहते व झाड जळते. ज्या घरी बाजूला पडलेल्या पाण्याची अशी सोय लावता येत नाही, त्या घराने ही टाकी मांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एवढे करून या छंदातून मिळते काय? आम्हांस मिळालेली गोष्ट सांगतो. बालाघाटच्या काळ्या पाषाणात कॅल्शियम आहे. ऊन-पावसाने तो झिजतो. काही चुना आपल्या काळ्या मातीत चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने राहतो, आणि उरलेला बिंदुसरेतून सिंदफणेत, सिंदफणेतून गोदावरीत व गोदावरीतून समुद्रात जातो. समुद्रातील शंख आणि प्रवाळ ज्या चुन्यावर घरे बांधतात, त्यात आपल्या डोंगराचाही वाटा आहे. गुलाबी शैवाल त्या काळ्या दगडावर चढताना पाहिले, की मुलांना भूगोल निराळा शिकवावा लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट थोडी खेदाची आहे. आम्ही दोनशे लिटरांचा जमाखर्च जेमतेम सांभाळतो. खऱ्या समुद्राचा जमाखर्च मनुष्यजातीने बिघडविला आहे. कोळसा व तेल जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक युगाच्या आरंभापासून त्याच्या वरच्या पाण्याचे पीएच मान सुमारे ८.२ वरून ८.१ वर उतरले आहे. अंक लहान दिसतो, परंतु आम्लतेत ती पाव हिश्शाहून अधिक वाढ होय, आणि तितका चुना बांधणे जिवांना कठीण जाते. याला उष्णतेची जोड मिळाली. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली पांढरे पडून तिचा तडाखा सोसला. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. ते १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात येतात. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटाही प्रवाळांनी बहरलेला आहे. त्या समुद्राला निवळीची बरणी पुरणार नाही. तेथे उपाय एकच, तो म्हणजे बिघाड मुळात कमी करणे.

तेव्हा अंबाजोगाईच्या भगिनींना आमचे सांगणे असे. पुड्या आणणे आजच थांबवावे. आठवडाभर काही न घालता मोजमाप करावे. मॅग्नेशियम प्रथम, मग क्षारता व कॅल्शियम जोडीने. जितके खर्च झाले तितकेच, थोडे थोडे, रोज परत द्यावे. साठा वाढवून कोणतेही घर चालत नाही. झालेला खर्च वेळेवर भरून काढल्याने चालते, हे घर सांभाळणाऱ्या स्त्रीला आम्ही काय सांगावे? मुलावर मात्र रागावू नये. त्याला एक वही आणून द्यावी, आणि वहीतील आकडे महिन्याअखेर घरच्या जमाखर्चाबरोबर सर्वांसमोर वाचावयास सांगावे.

आमच्या टाकीतील उरलेला मासा सुखरूप आहे. मॅग्नेशियम सावरले, गुलाबी पापुद्रा पुन्हा पाषाणावर चढू लागला, हॅलिमेडाने या श्रावणात नव्या चकत्या धरल्या. वहीतील अंक हल्ली पुतणी लिहिते. कॅल्शियम ४१५, क्षारता आठ. परवा तिने त्याखाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: 'आज काकांनी काहीही जास्त घातले नाही.'